आईच्या गुडघेदुखीवर एका वैद्यांच्या पुड्यांनी दोन दिवसांत आराम पडला. तीन महिने झाले, रोज दोन पुड्या चालू आहेत, आता चेहरा सुजलाय. औषध खोटं आहे का, कसं ओळखायचं?

बाकी सगळं नंतर वाचा, आधी एवढंच: पुड्या आजच्या आज बंद करू नका. तुम्ही लिहिलंय की आई तीन महिने रोज दोन पुड्या घेतायत. मला त्यात स्टेरॉईड असल्याचा दाट संशय येतोय, आणि तसं असेल तर ते एकदम तोडल्याने जिवावर बेतू शकतं. उद्या सकाळीच त्यांना चांगल्या फिजिशियनकडे न्या. उरलेल्या पुड्या बरोबर घ्या.

मी फार्मसिस्ट आहे, तालुक्याच्या गावी आमचं मेडिकल आहे. तरी माझ्या सख्ख्या आत्याने पाच महिने अशाच पुड्या घेतल्या आणि मला पत्ता लागला नाही. आठवडी बाजाराला एक जण गाडी लावायचा, त्याच्याकडून आणायची. पहिल्याच आठवड्यात ती मांडी घालून जेवायला बसली. भूक वाढली, गाल भरले. घरातले म्हणाले, तब्येत सुधारली. मलाही तसंच वाटलं, याचं आजही वाईट वाटतं. मग हाताला जरा कुठे लागलं तरी काळंनिळं पडायला लागलं. पायाची जखम भरेना म्हणून साखर तपासली, तर तीनशेच्या वर. आधी तिला मधुमेह नव्हता.

झिजलेला गुडघा दोन दिवसांत बरा होत नाही. झिजलेली कूर्चा, म्हणजे सांध्यातली गादी, कुठलीही जडीबुटी रातोरात भरून आणत नाही. दुखणं आणि सूज इतक्या झटक्यात जाते ती स्टेरॉईडने, नाहीतर जबर वेदनाशामकाने. तुम्ही ज्याला गुण म्हणताय, तोच माझ्या लेखी पहिला इशारा.

ही भूल डॉक्टरांनाही एकदा पडली होती. १९४८ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी आमवाताने जखडलेल्या एका तरुणीला कॉर्टिझोन हे स्टेरॉईड टोचलं. जिला धड हलता येत नव्हतं, ती काही दिवसांत चालायला लागली. १९५० मध्ये हेंच यांना आणखी दोघांसह नोबेल मिळालं. पण औषध थांबवलं की दुखणं परत यायचं, आणि चालू ठेवलं की चेहरा गोल व्हायचा, बाकीचे त्रास मागून यायचे. म्हणजे आईंना आज जे होतंय, ते वैद्यकाला तेव्हापासून माहीत आहे. स्टेरॉईड वाईट नाही. दम्यात, आमवातात डॉक्टर ते मोजून देतात, साखर-बीपीवर लक्ष ठेवतात. पुडीवाला मोजतही नाही आणि सांगतही नाही. डेक्सामेथासोन या स्टेरॉईडच्या गोळ्यांची पट्टी काही रुपयांत मिळते; कुटून चूर्णात मिसळली की कुणाला दिसत नाही.

एकदम बंद का करायचं नाही? आपल्या मूत्रपिंडांवर टोपीसारख्या अधिवृक्क ग्रंथी असतात, त्या रोज कॉर्टिसॉल, म्हणजे शरीराचं स्वतःचं स्टेरॉईड, बनवतात. ते काम आठवडेच्या आठवडे बाहेरचं औषध करत राहिलं की ग्रंथी सुस्तावतात. औषध अचानक तोडलं तर शरीराकडे दोन्ही नाही. सकाळी आठच्या सुमारास रक्तातलं कॉर्टिसॉल तपासून डॉक्टरांना अंदाज येतो, मग ते मोजका डोस देऊन हळूहळू उतरवतात. आत्याला सात महिने लागले.

आता ओळखण्याबद्दल. पुडी दिसली म्हणजे फसवणूक, असं नाही. नोंदणीकृत वैद्य स्वतःच्या रुग्णासाठी औषध तयार करून पुडीत देऊ शकतो. म्हणून पुडीकडे बघू नका, माणसाला विचारा: यात काय आहे ते कागदावर लिहून, सही करून द्या. खरा वैद्य देतो. आत्याचा पुडीवाला म्हणाला, गुरूंनी नाव सांगायला मनाई केलीय. नोंदणी क्रमांकही मागा. बीएएमएसची नोंद महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनकडे असते, एमबीबीएसची महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे. आणि 'रक्त तपासू नका, औषधाचा गुण जातो' असं कुणी म्हणालं असेल, तर पुढे काही विचारायची गरजच नाही. बंद डबा असेल तर उत्पादकाचा पत्ता, परवाना क्रमांक, बॅच आणि घटक छापलेले हवेत. 'मधुमेह मुळापासून घालवतो' अशी जाहिरात तर १९५४ च्या कायद्याने गुन्हाच आहे; त्या कायद्याच्या यादीत मधुमेह, कर्करोग धरून ५४ आजार आहेत.

चार-पाच पुड्या वेष्टनासकट जपून ठेवा आणि जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात लेखी तक्रार द्या. पुडीत काय आहे ते प्रयोगशाळेतच कळतं, घरी चव घेऊन नाही.

आई चिडतील, याची तयारी ठेवा. आत्या माझ्याशी महिनाभर बोलली नाही, कारण गुडघा पुन्हा दुखायला लागला होता आणि ती चूक तिला माझी वाटत होती. त्यांना खोटं पाडू नका. आराम खरंच पडला होता, हे आधी कबूल करा, मग तपासणीचं बोला.

आणि डॉक्टरांकडे जाईपर्यंत उलट्या, चक्कर, अंगातलं त्राण जाणं असं काही झालं, किंवा आईंनी स्वतःच पुड्या फेकून दिल्याचं कळलं, तर वाट बघू नका. थेट मोठ्या दवाखान्यात न्या आणि दारातच सांगा: 'तीन महिने पुड्या चालू होत्या, त्यात स्टेरॉईड असण्याची शक्यता आहे.'