छापण्यापूर्वी हॉटेलात एक फेरी मारा

प्रश्न : साताऱ्यात आमच्या कुटुंबाची दोन हॉटेले आहेत, एक महामार्गालगत आणि दुसरे कासच्या रस्त्यावर. त्यांची माहितीपत्रके, मेन्यूकार्डे, फ्लेक्स आणि जाहिराती पुण्यातील एक डिझायनर तयार करतो व छापण्यापूर्वी ते सर्व तपासण्याचे काम सासरेबुवांनी माझ्यावर सोपवले आहे. मी शुद्धलेखन बारकाईने पाहते. मागील पत्रकात एकही अक्षर चुकले नव्हते, तरीही ‘फोटोत दाखवले आहे ते इथे नाही’ असे पाहुण्यांकडून ऐकून घ्यावे लागले. तपासणी नेमकी कशी करावी?
— एक वाचक, सातारा

उत्तर : आपण मजकूर मजकुराशी ताडून पाहत आहात, तो हॉटेलशी ताडून पाहायला हवा. पत्रकाची छापील प्रत हातात घेऊन दोन्ही हॉटेलांत फिरावे आणि प्रत्येक विधानापाशी थांबावे. ‘चोवीस तास गरम पाणी’ असे लिहिले असेल, तर दुपारी तीन वाजता वरच्या मजल्यावरील नळ सोडून पाहावा. छापलेला प्रत्येक दूरध्वनी क्रमांक स्वतः लावून पाहावा आणि तो कोण उचलते याची नोंद करावी. ‘प्रशस्त वाहनतळ’ म्हणजे किती गाड्या, हे रखवालदाराला विचारावे. ही फेरी कंटाळवाणी वाटते आणि म्हणूनच बहुतेक ठिकाणी टाळली जाते. माझ्या मते मात्र तपासणीचा सर्वांत मोलाचा भाग तोच आहे.

आपल्या हॉटेलांच्या बाबतीत खरा धोका छायाचित्रांत आहे. कासचे पठार 2012 मध्ये पश्चिम घाटातील इतर स्थळांबरोबर जागतिक वारसा यादीत आले आणि तेव्हापासून परिसरातील जवळजवळ प्रत्येक पत्रकावर फुलांचा गालिचा दिसू लागला. तेरडा, गेंद, सीतेची आसवे यांचा बहर साधारणपणे ऑगस्टच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत असतो आणि तोही पावसाच्या लहरीवर अवलंबून असतो. टोपली कारवी तर सात वर्षांतून एकदाच फुलते. असे पत्रक मे महिन्यात वाटले गेले, तर मुलाबाळांना घेऊन आलेल्या माणसाला उघडे कातळ पाहून फसवल्यासारखे वाटणारच. ठोसेघरच्या धबधब्याचेही तेच आहे. म्हणून निसर्गाच्या प्रत्येक छायाचित्राखाली ते कोणत्या महिन्यात घेतले हे स्पष्ट छापावे, आणि खोलीचे छायाचित्र ज्या दरापुढे दिले आहे त्याच दराच्या खोलीचे असावे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींची दखल 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा घेतो; त्याखाली जून 2022 मध्ये आलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार जाहिरातीतील खुलासा दाव्याच्याच भाषेत असावा लागतो. मराठी पत्रकाच्या तळाशी बारीक इंग्रजीत अटी छापण्याची सवय त्यामुळे सोडून द्यावी.

यानंतर आकडे पाहावेत. 22 सप्टेंबर 2025 पासून दिवसाला 7,500 रुपयांपर्यंतच्या खोलीवरील जीएसटी 12 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला आहे. कपाटातील जुन्या दरपत्रकांवर अजून 12 टक्के छापलेले असतील, तर ती काढून टाकावीत. सेवा शुल्क बिलात आपोआप जोडू नये, असे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै 2022 मध्ये सांगितले आहे. ते आकारले जाईल अशी ओळ मेन्यूकार्डावर असल्यास तीही वगळावी. अन्न परवान्याचा क्रमांक 14 अंकी असतो. तो जुन्या फाइलमधून न उचलता मूळ परवान्यावरून एकाने वाचावा आणि दुसऱ्याने कार्डावर बोट ठेवून ताडावा.

नामफलकाकडेही याच वेळी पाहून घ्यावे. राज्याच्या दुकाने व आस्थापना कायद्यात 2022 मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार फलकावरील देवनागरी मराठी अक्षरे इतर लिपीतील अक्षरांपेक्षा लहान असता कामा नयेत, आणि जिथे मद्य दिले जाते त्या आस्थापनेला महापुरुषांची वा गडकिल्ल्यांची नावे देता येत नाहीत. साताऱ्यात किल्ल्यांची नावे हॉटेलांना आवडीने दिली जात असल्यामुळे परमिट रूमचा विचार असेल तर हे आधीच ठाऊक असावे.

मराठी मजकूर संगणकाच्या जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये नेताना किंवा डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये चिकटवताना जोडाक्षरे तुटतात, ‘ऱ्या’ विस्कटतो, वेलांटी भलत्याच अक्षरावर जाते. आपण आधी पाठवलेला मजकूर बरोबर होता, म्हणून मांडणीतलाही बरोबर असेल असे धरून चालू नये. मांडणी झाल्यावर पूर्ण मजकूर मोठ्याने वाचावा, आणि तो ज्याने लिहिलेला नाही अशा माणसाकडून वाचून घ्यावा.

छपाईविषयी थोडक्यात सांगतो. पडद्यावरील रंग प्रकाशाचे आणि कागदावरील रंग चार शाईंचे असल्यामुळे भडक हिरवा रंग छापल्यावर मंदावतो. लोगोचा रंग म्हणूनच छापील नमुन्यावर ठरवावा. व्हॉट्सअॅपवर साधा फोटो म्हणून पाठवलेले छायाचित्र दाबले जाऊन लहान होते. मूळ फाइल मागावी आणि प्रत्यक्ष छपाईच्या आकारात ती 300 डीपीआय (म्हणजे इंचाला 300 ठिपके) भरते का हे डिझायनरला विचारावे. कागदाच्या कडेपर्यंत जाणारे चित्र चारही बाजूंनी 3 मिलिमीटर जास्त घेतलेले असावे, नाहीतर कटिंगनंतर पांढरी रेघ उरते. मेन्यूकार्डाचा नमुना लॅमिनेशनसह करून घ्यावा आणि तो रात्री, जेवणघरातील नेहमीच्या दिव्याखाली, घरातील वडीलधाऱ्यांना वाचायला द्यावा. क्यूआर कोडही तिथेच, साध्या फोनने स्कॅन करून पाहावा, कारण चकाकणाऱ्या लॅमिनेशनवर दिव्याचा उजेड पडला की तो पुष्कळदा वाचला जात नाही.

प्रश्न : सांगलीत माझा छोटा छापखाना आहे. हॉटेलवाले घाईत मोबाइलवर प्रूफ, म्हणजे छापण्यापूर्वीचा नमुना, पाहून ‘ओके’ कळवतात आणि चूक निघाली की पुन्हा फुकट छापून मागतात. काय करावे?
— एक मुद्रक, सांगली

उत्तर : मोबाइलवर आलेला होकार हा प्रूफ वाचल्याचा पुरावा नसतो, आणि हे ग्राहकाइतकेच आपणही जाणता. मोठ्या कामासाठी छापील प्रूफ द्यावे. त्यावर दर, दूरध्वनी क्रमांक, पत्ता आणि परवाना क्रमांक यांभोवती लाल चौकट आखून प्रत्येक चौकटीशेजारी ग्राहकाची स्वतंत्र सही व तारीख घ्यावी. चौकटीपाशी सही करताना माणूस थांबतो आणि आकडा वाचतो. फाइलच्या नावात ‘फायनल’ असे न लिहिता तारीख आणि प्रूफचा क्रमांक घालावा, म्हणजे सही झालेली प्रत कोणती याविषयी वाद राहत नाही. सहीनंतर ग्राहकाने फोनवर सांगितलेला बदल कितीही किरकोळ असला तरी नवे प्रूफ काढावे. आपल्याकडून मांडणीत किंवा कटिंगमध्ये चूक झाली तर पुन्हा छापण्याचा खर्च आपला, आणि सही झालेल्या मजकुरातील चुकीचा खर्च ग्राहकाचा, हे काम घेतानाच पावतीवर मराठीत लिहून द्यावे.