स्पार्क गॅप लावताना: नवख्या मित्रासाठी

टेस्ला कॉइलच्या ठिणग्या किती लांब जातील ते नंतर बघू, आधी स्पार्क गॅप, म्हणजे ठिणगी पडायची फट, नीट बसव. एसीच्या कामाचे तांब्याचे पाइपचे सहा तुकडे समांतर लाव, म्हणजे मध्ये पाच फटी मिळतात. फट डोळ्यांनी मोजू नकोस. गॅरेजवाल्याकडचं फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घे. हवा ढोबळमानाने मिलिमीटरला ३ हजार व्होल्टला फुटते. तुझा निऑनच्या पाट्यांचा ट्रान्सफॉर्मर ९ हजार व्होल्टचा, म्हणजे शिखर साधारण १२,७०० व्होल्ट. हिशेबाने फटी जरा मोठ्या चालतील, तरी प्रत्येक फट अर्ध्या मिलिमीटरपासूनच सुरू कर.

पहिली चाचणी कपॅसिटर (वीज साठवणारा भाग) न जोडता. फक्त ट्रान्सफॉर्मर आणि गॅप. व्हेरियाक (व्होल्टेज कमी-जास्त करायचा ट्रान्सफॉर्मर) हळूहळू चढव; पूर्ण दाबाच्या, म्हणजे व्होल्टेजच्या, थोडं आधी ठिणगी पडली की झालं. ठिणगी मोठी दिसावी म्हणून फट वाढवायचा मोह होतो, पण मग रेझोनन्सने दाब चढतो आणि ट्रान्सफॉर्मरचं इन्सुलेशन जातं. सेफ्टी गॅप, म्हणजे दाब फार चढला की ट्रान्सफॉर्मर वाचवणारी वेगळी फट, त्यासाठीच, तो हवाच.

कपॅसिटर जोडल्यावर ब्लोअर लाव, नाहीतर ठिणगी विझतच नाही. आपल्या सोलापुरात घराशेजारी यंत्रमाग असेल तर ब्लोअर कापसाची तूस ओढून आणतो. ती पाइपांवर बसून जळते, काळा थर धरतो आणि ठिणगी एकाच जागी पडत राहते. बारीक पॉलिश पेपर मार.

गॅपला हात लावण्याआधी प्लग काढ आणि कपॅसिटर इन्सुलेटेड काठीने शॉर्ट कर. ब्लीडर रेझिस्टर (कपॅसिटरमधली वीज हळूहळू उतरवणारा) असला तरी. ठिणगीकडे टक लावून बघू नकोस, अतिनील किरण असतात. खिडक्या उघड्या ठेव, ओझोन साचतो. उन्हाळ्यात पंखा बंद करून बसलास तर डोकं धरेल ते वेगळंच.