गंगथडी : ही गंगा कोणती?

पेशवाईतल्या पत्रांत 'गंगथडी' हा शब्द सारखा भेटतो, तर तो उत्तरेतल्या गंगेचा काठ समजायचा का, असा प्रश्न आला आहे. नाही. ही गंगा म्हणजे आपली गोदावरी. थडी म्हणजे नदीचा काठ, 'पैलथडी'त आहे तोच शब्द. भीमेकाठचा मुलूख भीमथडी, तसा गोदेकाठचा गंगथडी.

गौतम ऋषींनी त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरी डोंगरावर गंगा आणली, अशी कथा आहे. त्यामुळे गोदेला गौतमी म्हणतात, दक्षिणगंगाही म्हणतात. पण ते 'दक्षिण' पोथीपुरतं. बोलताना नुसती गंगा. नाशिककर आजही 'गंगेवर' जातात. गंगेला पूर आला की नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला पाणी लागलं की गळ्याला, हीच तिथली मोजपट्टी. जनाबाईंचं गंगाखेडही याच गंगेकाठचं.

नदी त्र्यंबकेश्वराहून बंगालच्या उपसागरापर्यंत १४६५ किलोमीटर वाहते, पण गंगथडी एवढी लांब नाही. नाशिक, कोपरगाव, पैठण, गंगाखेड, नांदेड हा पट्टा ढोबळमानाने डोळ्यांपुढे ठेवावा. काळी कसदार जमीन आणि व्यापाराची वाट इथलीच, सातवाहनांची राजधानीही इथेच, पैठणला.

हाच पट्टा पुढे मराठे आणि निजाम यांच्यातला झगड्याचा मुलूख झाला. १० ऑगस्ट १७६३ ची राक्षसभुवनची लढाई तर नदीनेच ठरवली म्हणावं लागेल. निजाम सैन्याचा एक भाग घेऊन उत्तर तीरावर गेला होता, त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर बाकीच्या फौजेसह दक्षिण तीरावर मागे राहिला. गोदेला पूर आलेला. माधवराव पेशव्यांच्या फौजेने दिवाणाला गाठलं, तो मारला गेला आणि निजामाला पैलतीरावरून काही करता आलं नाही. अशा प्रसंगाच्या वर्णनात 'गंगेपलीकडे' वाचून कुणी काशी-प्रयागकडे नजर वळवली, तर सगळी लढाईच हातची जाते!

तेव्हा जुनं पत्र वाचताना आजूबाजूची गावं आधी बघा. पैठण, शेवगाव, नेवासे अशी नावं असतील, तर गंगा गोदावरीच. काशी, प्रयाग, गया यांचा उल्लेख असेल, तर उत्तरेतली. वैनगंगा, पैनगंगा या मात्र वेगळ्या नद्या. त्यांचं पाणी शेवटी गोदेलाच मिळतं, पण नुसतं 'गंगा' म्हटलं की त्या अभिप्रेत नसतात.