वायफाय राउटरला भिंतीपलीकडचा माणूस खरंच 'दिसतो' का?

दिसतो म्हणण्यापेक्षा जाणवतो. राउटरच्या लहरी भिंत, कपाट, माणूस अशा सगळ्यांवर आपटत अनेक वाटांनी फोनपर्यंत पोचतात. वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी जेमतेम १२ सेंटीमीटर. त्यामुळे तुम्ही खोलीत एक पाऊल टाकलंत तरी त्या वाटा बदलतात आणि सिग्नल चढतो-उतरतो. आपल्या शरीरात पाणी भरपूर, म्हणून आपण लहरी अडवतोही आणि परतवतोही. हा फरक वायफायची चिप एरवीही मोजत असते, डेटा नीट पोचावा म्हणून. सॉफ्टवेअर त्याच आकड्यांतून हालचाल हुडकतं. गाढ झोपलेल्या माणसाची श्वासाने वरखाली होणारी छातीसुद्धा त्याला पुरते. पंखा चालू असला की मात्र गोंधळ, आणि आपल्याकडे पंखा बंद असतो कधी!

२०१३ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या दिना कताबी आणि फदेल अदीब यांनी 'वाय-व्ही' नावाच्या यंत्राने भिंतीआडची हालचाल टिपून दाखवली होती. आता यासाठी ८०२.११बीएफ हे वायफायचं खास मानकही (ठरलेले तांत्रिक नियम) आहे. पण कॅमेऱ्यासारखं चित्र यातून मिळत नाही. शिवाय घरचा साधा राउटर हे आपणहून करत नाही, तसं सॉफ्टवेअर त्यात असावं लागतं.