कोल्हापुरात वीट, एएसी ब्लॉक आणि जांभा यांतून किती उष्णता आत येते, हे लॅबमध्ये तपासून मिळतं का?

मिळतं. पण तुम्ही पैसे नको तिथे घालणार असं दिसतंय. कळंब्याकडे घर काढलंय, पश्चिमेची भिंत तापणार. कंत्राटदार एएसी (हवेचे बुडबुडे असलेल्या हलक्या काँक्रीटचे ब्लॉक) म्हणतो, वडील वीट म्हणतात आणि पन्हाळ्याकडचे पाहुणे जांभा. बरोबर ना?

मी काही वर्षं माती आणि बांधकाम साहित्य तपासायच्या लॅबमध्ये होतो. विटेला, जांभ्याला बारीक भोक पाडायचं, त्यात ग्रीस लावून दाभणाएवढी सुई बसवायची. सुईत हीटरची तार आणि तापमानाचा सेन्सर असतो. ठरावीक वीज सोडायची आणि सुई किती वेगानं तापते ते बघत बसायचं. नमुना उष्णता पटपट ओढून नेत असेल तर सुई सावकाश तापते. त्या चढावरून वाहकता, म्हणजे साहित्यातून उष्णता किती सहज जाते, ते काढतात. मातीलाही हीच सुई. जमिनीखालच्या वीजकेबलसाठी ही चाचणी लागते. आपली काळी माती मात्र वाळली की सुईभोवतीच भेगाळते आणि रीडिंग बिघडतं.

नवीन असताना मी एकदा ओव्हनमध्ये वाळवलेली वीट समजून दुसरीच उचलली. आकडा भलताच चढला. साहेबांनी एवढंच विचारलं, "वीट कुठनं घेतलीस?" पाणी शोषण्याच्या चाचणीच्या टबाशेजारनं! स्थिर हवेची वाहकता 0.025 च्या आसपास, पाण्याची 0.6 (सगळे आकडे वॅट प्रति मीटर-केल्विनमध्ये). विटेच्या छिद्रांतली हवा जाऊन पाणी बसलं की उष्णतेला वाट मोकळी. म्हणून रिपोर्टवर नमुन्यातली ओल लिहिलेली नसेल तर तो आकडा कामाचा नाही. आपल्याकडच्या पावसाळ्यात ओल धरलेली भिंत म्हणजे ती टबाशेजारची वीटच.

आता तुमचं घर. कोरड्या भाजक्या विटेची वाहकता साधारण 0.8, एएसीची 0.2 धरा. म्हणजे 9 इंची विटेपेक्षा 8 इंची एएसी भिंत उष्णतेला सुमारे साडेतीन पट अडवते. वीट जड असल्यामुळे दुपारचं ऊन आत पोचायला उशीर लावते, पण मग रात्री झोपायच्या वेळी भिंत गरम लागते. जांभ्याचा एकच आकडा सांगणार नाही. एकाच खाणीतले दोन चिरेसुद्धा सारखे सच्छिद्र नसतात.

पण तुम्ही स्लॅबबद्दल अक्षर लिहिलेलं नाही! काँक्रीटची वाहकता 1.58 धरतात. 5 इंची स्लॅब 9 इंची विटेच्या भिंतीच्या जेमतेम पंचवीस-तीस टक्के उष्णता-रोध देतो, आणि एप्रिलमधलं डोक्यावरचं ऊन पडतं ते त्याच्यावरच. भिंतीचे नमुने लॅबला धाडू नका. स्लॅबवर इन्सुलेशनची शीट घालणार असाल तर विक्रेत्याकडे गार्डेड हॉट प्लेटचा (तापवलेल्या प्लेटला लावून शीटची वाहकता मोजायच्या चाचणीचा) रिपोर्ट मागा. आपल्याकडे त्याला आयएस 3346 हे भारतीय मानक लागू होतं. रिपोर्टवर शीटची घनता आणि चाचणीचं सरासरी तापमान बघा. दोन्ही नसतील तर दुसरं दुकान गाठा.