बेरीज शून्य येते तेव्हा

तू पाठवलेला वर्गणीचा एक्सेलमधला तक्ता बघितला. बेरजेत शून्य येतंय म्हणून सगळं पुसून पुन्हा लिहायला बसू नकोस, फॉर्म्युला बरोबर आहे. रकमांकडे बघ, सगळ्या डावीकडे चिकटल्यात. आपण हात लावला नसेल तर एक्सेलमध्ये आकडा उजवीकडे बसतो आणि मजकूर डावीकडे. तुझे ५०१, १००१ त्याच्या लेखी शब्द आहेत, आणि ‘सम’ हा बेरजेचा फॉर्म्युला तसले शब्द सोडून देतो. सेलच्या कोपऱ्यात हिरवा त्रिकोण दिसतोय ना? रकाना निवड, उद्गारचिन्हाच्या खुणेवर क्लिक कर आणि ‘कन्व्हर्ट टू नंबर’ दे.

तरी जमलं नाही तर आकड्याला न दिसणारी स्पेस चिकटलेली असते. दांडिया बाजारातल्या आमच्या मंडळाच्या हिशेबात मी यावर अख्खी रात्र घालवली. देणग्यांचे आकडे वेबपेजवरून कॉपी केले होते. ती स्पेस साधी नसते, तिचा कोड १६०, म्हणून जास्तीच्या स्पेस काढणाऱ्या ‘ट्रिम’ फॉर्म्युल्याने जात नाही. एका अक्षराच्या जागी दुसरं घालणाऱ्या ‘सब्स्टिट्यूट’मध्ये ‘कॅर’ १६०, म्हणजे त्या कोडचं अक्षर, देऊन ती काढ, आणि सगळं मजकुराचा आकडा करणाऱ्या ‘व्हॅल्यू’मध्ये गुंडाळ. हे शेवटचं विसरलीस तर उत्तर परत मजकूरच राहतं.

आकडा बदलूनही बेरीज जुनीच दिसली तर वरच्या ‘फॉर्म्युलाज’ टॅबमध्ये ‘कॅल्क्युलेशन ऑप्शन्स’ बघ. ते ‘मॅन्युअल’वर असेल तर ‘ऑटोमॅटिक’ कर. आधी दुसरी मॅन्युअल फाइल उघडली असेल तर तिची सेटिंग तुझ्या फाइललाही लागते.

आणि दुरुस्तीआधी फाइलची एक कॉपी ठेव. लोकांच्या पैशांचा हिशेब आहे.