दोष येतो-जातो, पैसे परत मागता येतील का?

प्रश्न : अलीकडेच घेतलेला माझा मोबाइल मधूनच हँग होतो आणि आपोआप बंद पडून पुन्हा सुरू होतो. सर्व्हिस सेंटरने तो दोनदा ठेवून घेतला, सॉफ्टवेअर अपडेट केले आणि ‘दोष आढळला नाही’ असा शेरा मारून परत दिला. विक्रेता म्हणतो, आता कंपनीशीच बोला. मी पैसे परत किंवा नवा मोबाइल मागू शकतो का?
— एक वाचक

उत्तर : मागू शकता, आणि ही मागणी आधी विक्रेत्याकडेच करावी. पैसे त्याने घेतले आहेत, पावती त्याने दिली आहे; बहुतेक ग्राहक कायद्यांत सदोष वस्तू विकल्याची जबाबदारी त्याला कंपनीकडे बोट दाखवून झटकता येत नाही. वॉरंटी हे कंपनीने स्वतःहून दिलेले आश्वासन असते, आणि कायद्याने मिळणारा हक्क त्याहून वेगळा असतो. ‘वॉरंटीत फक्त दुरुस्ती बसते’ एवढे ऐकून अनेक जण माघारी फिरतात, याचे मला फार वाईट वाटते.

तुमची खरी अडचण पुराव्याची आहे. असा दोष पुष्कळदा मोबाइल तापल्यावर किंवा बॅटरीवर ताण आल्यावरच प्रकट होतो. तंत्रज्ञाच्या टेबलावर तो थंड असतो, त्यात तुमचे सिमकार्ड नसते आणि तपासणीही थोडाच वेळ चालते. त्यामुळे त्या शेऱ्याचा अर्थ ‘तपासणीच्या वेळी दोष दिसला नाही’ एवढाच घ्यावा. दोष तुम्हालाच पकडावा लागेल. दुसऱ्या मोबाइलवरून सलग, न कापलेले चित्रीकरण करा. त्यात आधी सेटिंग्जमधला 15 अंकी आयएमईआय क्रमांक (प्रत्येक मोबाइलचा स्वतंत्र ओळख क्रमांक) दिसू द्या, म्हणजे तो पावतीवरच्या क्रमांकाशी ताडून पाहता येईल. बॅटरी किती टक्के होती, चार्जिंग चालू होते का, हेही टिपून ठेवा. शक्य असल्यास बॅकअप घेऊन फॅक्टरी रीसेट करा आणि बाहेरची अ‍ॅप न टाकता काही दिवस मोबाइल वापरून पाहा. तरीही तो बंद पडला, तर ‘तुमच्या अ‍ॅपमुळे होते’ हा युक्तिवाद टिकणार नाही.

जॉबशीटवर, म्हणजे सर्व्हिस सेंटर तक्रार नोंदवते त्या कागदावर, सही करण्यापूर्वी ती वाचा. ‘परफॉर्मन्स प्रॉब्लेम’ असे मोघम लिहिले असेल, तर ‘वापरात असताना आपोआप बंद पडून सुरू होतो’ असे लिहून घ्या आणि प्रत्येक भेटीची प्रत जपा. पावती थर्मल कागदावर असेल तर अक्षरे पुसट होतात, म्हणून तिचे छायाचित्र आजच काढा. अनेक मोबाइलमध्ये सिमच्या खाचेत पाणी लागल्यास लाल होणारी पट्टी असते; ती पांढरी असल्याचे छायाचित्र मोबाइल सोपवण्याआधी घेऊन ठेवावे. बाहेरच्या कारागिराकडून तो उघडून मात्र घेऊ नका.

हे हाती आले की विक्रेत्याला लेखी पत्र किंवा ईमेल पाठवा आणि त्याची प्रत कंपनीला द्या. खरेदीची तारीख, प्रत्येक दुरुस्तीची तारीख, दोष पुन्हा कधी आला, तुम्हाला नेमके काय हवे आणि उत्तरासाठी किती दिवसांची मुदत, एवढेच त्यात असावे. दोनदा दुरुस्ती होऊनही तोच दोष उरला असेल, तर तिसऱ्या दुरुस्तीला होकार देण्याचे कारण मला दिसत नाही. बदली मोबाइल स्वीकारणार असाल, तर तो नवा आहे, दुरुस्त करून दिलेला नाही, आणि त्याची वॉरंटी कोणत्या तारखेपासून धरली जाईल, हे लेखी घ्या. नकारही लेखीच मागा. मुदत उलटल्यावर ग्राहक तक्रार यंत्रणेकडे जाताना तोच कागद सर्वांत जास्त उपयोगी पडतो.